मिठावरून सरकलेले डोंगर

मंडळी, येताना घरातून शेंदेलोणाचा हा खडा आणलाय, मुठीएवढा आहे. आपण उपासाला वापरतो तेच मीठ. पुढच्या रांगेपासून मागे फिरवत जा आणि उजेडासमोर धरून बघा, गुलाबी अंगात तांबड्या मातीची एक बारीक रेघ दिसेल, ती सरळ नाहीये, वळत वळत परत स्वतःवरच दुमडलीय, अगदी तिंबलेल्या कणकेत हळदीची रेघ राहून जावी तशी. कडक दगड असा दाबला असता तर तडकला असता. हे मीठ तडकलं नाही, हे वाहिलंय. तेवढं एक डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

सैंधव म्हणजे सिंधूकडचं. याची नावाजलेली खाण खेवड्याला आहे, पाकिस्तानी पंजाबात, झेलमच्या उत्तरेला जी सॉल्ट रेंज नावाची डोंगररांग आहे तिच्यात. हे मीठ साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचं. उरण-पेणकडची मिठागरं ज्यांनी बघितलीयत त्यांना सांगायला नको, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, परत घ्यायचं. हजार मीटर खोल समुद्र एकदा पूर्ण आटला तरी मीठ पंधराएक मीटरच पडतं, आणि इथे तर शेकडो मीटर जाड थर आहेत, म्हणजे ते मिठागर किती काळ, किती वेळा भरलं आणि आटलं असेल विचार करा.

या मिठाच्या वयावरून मोठा वाद झाला होता. जुन्या वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या बिरबल साहनींसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला १९४०च्या दशकात या थरांत वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि त्यावरून ते म्हणाले हे मीठ इओसीन काळातलं, म्हणजे बरंच अलीकडचं. पुढे ते अवशेष बाहेरून मिसळलेले असणार असं ठरलं आणि मीठ जुनंच मानलं गेलं. मला यात साहनींचं चुकणं मोठं वाटत नाही. जे मीठ वाहतं, चिरांतून घुसतं, पाण्यात विरघळून परत जमतं त्याचं वय काढणं किती अवघड आहे ते त्या वादातून कळतं.

आता मुख्य गोष्ट. घरात कोरड्या फरशीवर सतरंजी टाका आणि एका टोकाने ढकला. हाताजवळच चुण्या पडतात, पलीकडचं टोक जागचं हलतसुद्धा नाही. मग तीच फरशी साबणाच्या पाण्याने ओली करा आणि परत ढकला, आता अख्खी सतरंजी सपाट पुढे सरकते आणि उंबरठ्याला अडली की तिथे वर उचलली जाते. हिमालयाच्या या कोपऱ्यात नेमकं हेच झालंय. उत्तरेकडून रेटा आला, खाली मीठ होतं, म्हणून सॉल्ट रेंजच्या उत्तरेला असलेलं पोठवारचं पठार शंभरएक किलोमीटर रुंदीचं असूनही मधे फार न चुरगळता दक्षिणेला सरकलं. डेहराडूनकडे पायथ्याचा पट्टा याच्या निम्मासुद्धा रुंद नाही. आणि उंबरठा? तोही आहे! खालच्या जुन्या कठीण खडकात एक जुना भ्रंश आहे, म्हणजे खडक तुटून खालीवर सरकल्याची चीर, त्याने एक पायरी तयार झालीय, जमिनीत कंपनलहरी सोडून केलेल्या सर्वेक्षणात ती दिसली. सरकत आलेला थर त्या पायरीला अडला, वर चढला, तीच सॉल्ट रेंज. म्हणून तिथे ५४ कोटी वर्षांचं मीठ अगदी कालपरवाच्या गाळ-गोट्यांवर येऊन बसलंय, जुनं वर आणि नवं खाली.

पण मीठ नुसतं वंगण नाही, ते स्वतःही उठतं, आणि ते बघायचं तर इराणच्या झाग्रोस डोंगररांगेत जायला हवं. तिथलं होर्मुझ मीठ साधारण याच वयाचं. लावणीच्या वेळी खाचरात पाय टाकला की चिखल बोटांच्या फटीतून वर येतो ना, तसंच गाळाचं ओझं जिथे जास्त साचतं तिथून मीठ दबून बाजूला जातं आणि ओझं कमी असेल तिथे वर येतं. मीठ निघून गेलं की ती जागा आणखी खचते, खचली की आणखी गाळ येतो, गाळ आला की आणखी मीठ निघतं. गाळ मिठाला ढकलतो आणि मीठ गाळाला जागा करून देतं, कोणी आधी सुरुवात केली हे सांगणं सोपं नसतं.

दक्षिण झाग्रोसमध्ये असे शंभराहून जास्त मिठाचे घुमट आहेत, त्यातले कित्येक डोंगर घडायच्या खूप आधीपासून वर येत होते. मग अरबी भूखंडाचा रेटा आला तेव्हा हे घुमट म्हणजे मऊ जागा, तिथेच घड्या पडायला लागल्या, आणि घुमट टूथपेस्टच्या ट्यूबसारखे पिळले गेले. काही ठिकाणी तर मीठ डोंगरातून बाहेर पडून उतारावरून हिमनदीसारखं ओघळतं, कूह-ए-नमक नावाच्या अशाच एका डोंगरावर १९७०च्या दशकात मोजमापं केली तेव्हा दिसलं की पाऊस पडून ओलं झालं की ते चक्क जोरात सरकतं. कोरडं मीठ आणि ओलं मीठ यांत एवढा फरक पडतो.

हे सगळं कोट्यवधी वर्षांपूर्वी झालं ते कळतं कसं, असं मला नेहमी विचारतात. घुमटाच्या कडेच्या गाळाच्या थरांवर पट्टी धरा. घुमटापासून लांब थर जाड असतो, जवळ येता येता पातळ होतो, कधी वर वाकतो, कधी मधेच कापला जातो आणि त्यावर नवा थर आडवा बसतो. म्हणजे गाळ साचत असतानाच घुमट उठत होता, नंतर नाही. आणि त्याहून चांगला पुरावा म्हणजे गोटे. मीठ वर येताना खालचे काळे ज्वालामुखी दगड पोटात घेऊन येतं, पृष्ठभागावर मीठ पावसाने विरघळून जातं, पण ते दगड घरंगळून शेजारच्या थरात जाऊन बसतात. तो काळा गोटा ज्या थरात सापडला त्या थराच्या वेळी मीठ तिथे उघड्यावर होतं.