कोड लिहिण्याआधीची मांडामांड

(जळगाव येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी केळीच्या भावाचं ॲप घेतलंय, असं सर सांगत होते. चांगलंय. रावेरचा भाव काय निघाला, बऱ्हाणपूरचा काय, हे आपल्याकडे घरोघरी विचारलं जातं. तेच ॲप धरून बोलतो. समोर ब्राउझर, मागे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड, त्याच्या मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. आज कोड मात्र एक ओळही लिहायचा नाही. त्याआधी मशीनवर काय मांडून ठेवायचं, तेवढंच बघू.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘माह्या लॅपटॉपवर तं चालू रायलं ना भो!’ पोरगा खोटं बोलत नसतो. फक्त त्याच्या लॅपटॉपवर काय काय बसवलंय, हे कुठे लिहिलेलं नसतं. निम्मं तोही विसरलेला असतो. जे लागतं ते प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं, माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

सुरुवात जागेपासून करा. प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोजमध्ये बऱ्याचदा डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असतो, आणि नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार पॅकेजांच्या, हजारो बारीक फाइली तो वर चढवत बसतो. साध्या नावाचा, स्पेस नसलेला फोल्डर करा आणि पहिल्याच मिनिटाला त्यात गिट, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, सुरू करा. लगेच गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने काय वगळायचं त्या यादीत, दोन नावं टाका: नोड मॉड्यूल्स आणि डॉट एन्व्ही. डॉट एन्व्ही या सेटिंग्जच्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो. तो एकदा कमिट झाला, म्हणजे गिटमध्ये नोंदला गेला, की फाइल नंतर पुसली तरी गिटच्या इतिहासात राहतो. मग पासवर्डच बदलावा लागतो. सोबत एक नमुना फाइल ठेवा, तिच्यात सेटिंग्जची फक्त नावं, त्यांच्यापुढच्या जागा रिकाम्या. ही मात्र कमिट करायची.

आता आवृत्त्या. नोडची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारी, आवृत्ती घ्या आणि तिचा आकडा पॅकेज फाइलच्या ‘इंजिन्स’मध्ये लिहा. पॅकेजं बसवणारं एनपीएम त्यावर एरवी नुसती सूचना देतं, अडवत नाही, तरी लिहा. पॅकेज-लॉक नावाची लांबलचक फाइल बघून पोरं घाबरतात आणि डिलीट करतात. अरे, तीच तर कामाची! कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती बसली, ते तिच्यात असतं. दुसऱ्या मशीनवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा; ते लॉकप्रमाणेच बसवतं, जुळलं नाही तर थांबतं.

डेटाबेसपाशी जरा थांबतो, कारण प्रोजेक्ट पडतात ते इथे. सोपं म्हणून घरी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरायचा आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस, असं करू नका. एसक्यूलाइटमध्ये भावाचा रकाना आकड्याचा केला, आणि कुणी त्यात ‘दीड हजार’ असं अक्षरी टाकलं, तरी ते मुकाट ठेवून घेतं. पोस्टग्रेस तिथेच हात धरतं. शेवटी जे वापरायचं, तेच पहिल्या दिवसापासून वापरा.

वेळेचंही तसंच. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे. पहाटे पाचला कुणी भाव नोंदवला, तर सर्व्हरच्या लेखी रात्रीचे साडेअकरा, तेही आदल्या दिवसाचे. आजचा भाव कालच्या तारखेला जाऊन बसला! लॅपटॉपवर ही चूक दिसतच नाही. म्हणून घरचं नोड आणि डेटाबेस दोन्ही यूटीसीवर चालवा, आणि कुठला दिवस हे भारतीय वेळ धरूनच ठरवा. फाइलींच्या नावांतही असाच सापळा आहे. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. नावं सगळी स्मॉलच ठेवा, विषय संपला.

डॉकरचं, म्हणजे ॲप सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवणाऱ्या साधनाचं विचारणार, माहीत आहे. २०१३ साली ते आलं आणि असल्या बऱ्याच भानगडी त्याने मिटवल्या, हे खरं. पण तुमच्यातल्या कित्येकांकडे चार जीबी रॅमचा लॅपटॉप आणि मोबाइलचा डेटा. इमेज, म्हणजे तो भरलेला डबा, उतरवण्यातच दिवसाचा डेटा उडेल, आणि लॅपटॉप हुंदके देईल. पहिल्या प्रोजेक्टला पोस्टग्रेस सरळ इन्स्टॉल करा. आठ-सोळा जीबी असेल त्याने खुशाल डॉकर वापरावं.

आणि लाइटचं काय सांगू! लाइट गेली की लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. म्हणून नेट असतानाच सगळी पॅकेजं एकदा उतरवून घ्या. ती एनपीएमच्या कॅशमध्ये, म्हणजे मशीनवरच्याच साठ्यात, राहतात.

झालं की जोडीदाराच्या लॅपटॉपवर रिकाम्या फोल्डरात तुमचा प्रोजेक्ट क्लोन करायला, म्हणजे गिटमधून नक्कल उतरवायला, लावा. त्याने फक्त रीडमी, म्हणजे प्रोजेक्टसोबतची सूचनांची फाइल, वाचून ॲप चालू करायचं, तुम्ही शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो जिथे अडेल, ती ओळ रीडमीत घाला. हेच आता लॅबमध्ये करू. नोड आणि पोस्टग्रेसचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर आणलेत, सगळे एकदम वायफायवर तुटून पडू नका.