डोंगारातला 'गा'

(पडदा काळा. फोनवरचा खरखरता आवाज.)

काय झाडी, काय डोंगार, काय हाटील…

(आवाज मध्येच तुटतो. हेडफोन लावलेला तरुण, समोर संगणकावर हिरवी ध्वनिरेघ.)

पुढचं 'एकदम ओक्के' तुम्हाला पाठ आहे, म्हणून इथंच तोडलं.

सांगोला, जिल्हा सोलापूर. मंडपवाल्याच्या गोडाऊनमागची ही खोली. वर पत्रा, त्यामुळे दुपारी पंखाही गरम वाराच फेकतो. आसपासच्या गावांतल्या वराती ज्या गाण्यांवर नाचतात ती इथं मिक्स होतात. जून २०२२ च्या शेवटी याच खुर्चीत बसून या पोरानं इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांच्या त्या वाक्याचा मिक्स केला होता. आमच्यासाठी तेच काम त्यानं पुन्हा करून दाखवलं.

आधी वाक्य ऐकतो. मग रेघ मोठी करतो. बघा, तीन उंचवटे दिसतायत. झाडी. डोंगार. हाटील. प्रत्येकाच्या अलीकडं एक टेंगूळ, ते 'काय'. ते कापून तो बाजूला काढतो आणि चार वेळा चिकटवतो. काय, काय, काय, काय. खाली हलगी सोडतो. जमत नाही. हलगी केसभर मागं ओढतो. पुन्हा ऐकतो. आणखी केसभर. आता थाप बरोबर 'डोंगार'मधल्या 'गा'वर पडते.

आमच्याकडं वळून म्हणतो, "डोंगर म्हणले असते ना बापू, तर बसलंच नसतं."

मीमचा अभ्यास करणाऱ्यांची बरीच पानं आम्ही वाचली होती. एवढं नेमकं कुठं सापडलं नव्हतं.

(तालुक्याच्या वाचनालयातली वर्तमानपत्रांची जुनी फाइल. बोट मथळ्यांवरून फिरतं.)

२० जून २०२२. विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे शिवसेनेचे आमदार उद्धव ठाकरे यांच्या सरकारविरुद्ध बंड करून सुरतेला निघाले. तिथून गुवाहाटी. त्यांत शहाजीबापूही होते. मतदारसंघातल्या एका कार्यकर्त्याचा त्यांना फोन गेला. बोलणं बरंच झालं, राजकारणाचंही झालं. पण कुणीतरी त्यातली काही सेकंदं कापली आणि राज्यभर तेवढीच वाजली. कापणारा कोण, माहीत नाही. जात्यावरची ओवी पहिल्यांदा कुणी म्हटली, हे तरी कुणाला माहीत असतं?

रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये 'मीम' हा शब्द काढला तो जनुकाच्या धर्तीवर. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारत, नक्कल होत जगणारी गोष्ट. आपल्याकडं हे काम उखाणे आणि म्हणी कधीपासून करतायत. असो.

हे आमदार गुवाहाटीच्या ज्या पंचतारांकित हॉटेलात उतरले, तिथं आम्ही गेलो नाही. आम्ही या हाटीलात आलो.

(एसटी स्टँडसमोरचं हाटील. कढई अगदी जवळून.)

कढई बाहेरून कोळशासारखी. झाऱ्याची एक फिरकी आणि भजी पालथी. वर्तमानपत्राच्या चतकोरावर पाच-सहा भजी, कडेला तळून मिठात घोळलेली मिरची. बाकड्याचा एक पाय विटेवर टेकलाय. माणदेशात हाटील म्हणजे हे. मुक्कामाची सोय असते, त्याला लॉज म्हणतात.

रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताची गोष्टही अशाच एका साध्या दुकानात सुरू होते. न्हाव्याकडं बसलेला असताना त्याच्या हातात एक साप्ताहिक येतं. मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय तरुण, सलाम करणारा, नजर वर. चित्राचा पहिला अर्थ एवढाच की पोरगा सलाम करतोय. पण त्या अर्थाच्या पाठीवर बसून दुसरा अर्थ येतो: बघा, आमचं साम्राज्य किती थोर, इथं सगळेच आनंदानं चाकरी करतात. या दुसऱ्या अर्थाला बार्थ मिथक म्हणतो. मिथक पहिला अर्थ पुसत नाही, फक्त त्यातला इतिहास काढून घेतं. शहाळ्यातलं पाणी काढून घ्यावं तसं. नारळ दिसतो तसाच.

आता 'हाटील' घ्या. पहिला अर्थ तुमच्यासमोर तळला जातोय. दुसरा अर्थ पुण्या-मुंबईच्या मोबाइलवर तयार झाला: गावंढळ माणूस, त्यानं मोठं हॉटेल पहिल्यांदाच बघितलं. वास्तविक बापू काही कालचे पोरगे नव्हते, मुरलेले राजकारणी होते. पण उच्चार ऐकला की माणसाचं वय, अनुभव, सगळं गळून पडतं.

मी स्वतः याच पट्ट्यातला. पुण्यात शिकायला गेलो, पहिल्याच आठवड्यात वर्गात 'हाटील' म्हणालो आणि मागचे दोन बाक हसले. मग 'हॉटेल' म्हणायला शिकलो. दिवाळीत घरी आल्यावर आईपुढं 'हॉटेल' तोंडातून गेलं, तर तीही हसली. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे सांगितलेलं बरं.

(ड्रोन. माळ, चिलार, एखादी बाभळ. माण नदीचं कोरडं पात्र. लांबवर बोडक्या टेकड्या.)

हा सांगोला तालुका. २०१९ च्या उन्हाळ्यात इथली गुरं चारा छावण्यांत बांधलेली होती. इथल्या माणसानं डाळिंबावर पैसा केला, आणि तेल्या रोग आणि खोडकिड्यापायी बागा उपटून बांधावर टाकल्या. 'झाडी' हा शब्द या चित्रावर ठेवून ऐका.

काय झाडी.

(पाच सेकंद निवेदन नाही. फक्त वारा.)

(टी-शर्ट छापणारं दुकान. जाळीच्या चौकटीवरून रबरी पट्टी फिरते, शाई उतरते: 'एकदम ओक्के'.)

एका घाण्यात सहा टी-शर्ट. दुकानदार सांगतो, तेव्हा दोन्हीकडची माणसं हेच छापून न्यायची. एक बापूंच्या कौतुकाला, दुसरा त्यांची टर उडवायला. शाई तीच, साचा तोच.

स्टुअर्ट हॉल हा जमैकात जन्मलेला आणि बर्मिंगहॅममध्ये शिकवणारा अभ्यासक. दूरचित्रवाणीवर काय दिसतं आणि घरातला माणूस त्यातून काय घेतो, यावर त्यानं १९७३ मध्ये निबंध लिहिला. पाठवणारा अर्थ भरून पाठवतो, पण पेटी उघडणारा आपल्या हिशेबानं उघडतो, असं त्याचं म्हणणं. कुणी दिलेला अर्थ जसाच्या तसा घेतो, कुणी घासाघीस करून, कुणी उलटा करून.

उलटा अर्थ कुठं लागला ते सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार उभे राहिले आणि ओरडले, "पन्नास खोके, एकदम ओक्के!" खोका म्हणजे कोटी, हे मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतलं माप. बंडासाठी पैसे घेतल्याचा हा आरोप शिंदे गटानं फेटाळला. पण 'ओक्के' त्यांच्या हातातून गेलं होतं. फोनवर खुशाली सांगणारा शब्द आता भाव सांगत होता.

हॉलच्या तीन कप्प्यांत एक माणूस मात्र बसत नाही. खुद्द बापू. त्यांनी वाक्य नाकारलं नाही, चिडले नाहीत. सभेत लोक मागायचे, ते म्हणायचे. लोक हसायचे आणि टाळ्याही द्यायचे.

(शिमग्याची होळी. पोरं हाताचा पंजा तोंडावर आपटत बोंब मारतायत.)

इथं मिखाईल बाख्तिन कामाला येतो. स्टालिनच्या राजवटीत हद्दपारी भोगलेला हा रशियन अभ्यासक मध्ययुगीन युरोपातल्या जत्रांतल्या हसण्यावर लिहितो. ते हसणं राजाला खाली ओढतं आणि त्याच झटक्यात जिवंतही ठेवतं. हसणाराही त्यातून सुटत नाही. आपल्याला त्यासाठी युरोपात जायला नको. होळीपुढं पाटलाच्या नावानं बोंब मारायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाला रामराम घालायचा. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या राजाची टोपी उडवतो, पण वग संपेपर्यंत राजाच असतो.

मला हेच खटकतं. शिवसेनेच्या ४० च्या आसपास आमदारांनी पक्षनेतृत्वाविरुद्ध बंड करून नवं सरकार आणलं, त्या आठवड्यात आसामात पूर होता, सिलचर पाण्यात होतं, आणि आपण सगळे झाडीवर हसत होतो. मीही हसत होतो. सगळ्यात आधी आवाज पुढं पाठवणाऱ्यांत मीच होतो, तोच उच्चार ज्यावर कधीकाळी मागचे बाक हसले होते.

(झपाट्यानं: मथळे, शपथविधीचे फोटो, मतमोजणीचा फलक.)

२९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० ला शिंदे मुख्यमंत्री झाले. खोक्यांवर रॅप करणाऱ्या एका तरुणावर २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला. २०२४ मध्ये सांगोल्यानं बापूंना पाडलं आणि शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख निवडून दिले.

(पुन्हा हाटील. बाहेर शिडीवर पेंटर. पत्र्याच्या पाटीवर खडूनं आखलेल्या रेघा.)

शेवटच्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा हाटीलवाल्याची नवी पाटी रंगत होती. पेंटरनं वरूनच विचारलं, "हाटील लिहू का? फेमस झालंय आता."

मालक कढईवरून मान न उचलता म्हणाला, "हाटिलावर हॉटेलच लिही बाबा."

(ब्रश जवळून. 'हा' आधीच काढून झालाय. पेंटर त्याच्या डोक्यावर चंद्र काढतो. रंग जरा ओघळतो. तो फडक्याच्या टोकानं पुसतो. मागून कुठूनतरी हलगी.)