वाल्हाल्लातली आपली माणसं

नमस्कार मंडळी.

मंडळाच्या ग्रंथालयातून मुलं काय काय वाचायला नेतात, ते मी बरीच वर्षं बघते आहे. मॅग्नस चेसची तीन पुस्तकं कपाटात फार दिवस राहत नाहीत. एक पोरगं परत करायला येतं, तेव्हा दुसरं दारातच हात पुढे करून उभं असतं. रिक रायर्डन यांची ही मालिका २०१५ ते २०१७ या काळात आली आणि ती घडते आपल्याच बॉस्टनमध्ये. लाँगफेलो पुलाच्या खांबांवर व्हायकिंग जहाजांच्या नाळी कोरल्या आहेत, त्या आपण येता-जाता पाहतो. त्याच पुलावर सोळा वर्षांचा मॅग्नस लढताना मरतो आणि वाल्हाल्लात, म्हणजे देवांचा राजा ओडिन याच्या वीरांच्या महालात, जागा होतो.

पालक मला विचारतात, या राक्षसांत आणि तलवारींत मुलांना एवढं काय सापडतं? माझं उत्तर असं, की या गोष्टींचा खरा विषय घर आहे. आपलं कोण, ते कुणी ठरवायचं, आणि घरच्यांनीच घात केला तर मुलानं कुठं जायचं, हे प्रश्न ही पुस्तकं मुलांपुढे सरळ ठेवतात. लेखकाला ते बाहेरून आणावे लागले नाहीत. मूळ नॉर्स कथांमध्येच, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या देवकथांमध्येच, ते ठासून भरले आहेत.

तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या काव्यांपैकी एकात एक मेजवानी आहे. समुद्राचा स्वामी एगिर याच्याकडे सगळे देव जमले आहेत आणि बाहेर हाकललेला लोकी, त्यांच्यातलाच कपटी, खोडकर देव, पुन्हा आत येतो. बसायला कुणी जागा देत नाही. तेव्हा तो ओडिनला आठवण करून देतो, की आपण दोघांनी एकदा रक्तात रक्त मिसळलं होतं, आणि दोघांना मिळाल्याशिवाय तू पेल्याला तोंड लावणार नव्हतास. ओडिनला शब्द पाळावा लागतो. तो आपल्या मुलाला, विदारला, सांगतो की ऊठ, लांडग्याच्या बापाला बसायला जागा दे. हा लांडगा म्हणजे लोकीचा मुलगा फेनरिर. जगाच्या अंताच्या लढाईत तोच ओडिनला गिळणार आहे आणि बापाचा सूड घ्यायला विदारच पुढे येणार आहे. मानलेला भाऊ, त्याचा मुलगा, आपला मुलगा, सगळे त्या एका दालनात आहेत. मला ही ओळ वाचताना दर वेळी धस्स होतं.

या फेनरिरला देवांनीच घरी वाढवलं होतं. त्याला खायला घालायची हिंमत त्यांच्यातल्या एकट्या टीर या देवामध्ये होती. पुढे देवांनी त्याला फसवून बांधायचं ठरवलं, तेव्हा विश्वास पटावा म्हणून टीरनंच आपला हात त्याच्या जबड्यात ठेवला. लांडगा जखडला गेला आणि सगळे देव हसले. टीर हसला नाही, या कथा लिहून ठेवणारा आइसलँडचा स्नॉरी स्टर्लुसन सांगतो, कारण त्याचा हात गेला होता.

आता कादंबरीकडे येते. मॅग्नसची आई मारली गेली आहे आणि दोन वर्षं तो बॉस्टनच्या रस्त्यावर राहतो आहे. त्याची काळजी घेणारे दोघंही रस्त्यावरचेच: ब्लिट्झेन आणि हार्थस्टोन. पुढे कळतं की ब्लिट्झेन बुटक्यांच्या लोकातला आहे, हार्थस्टोन एल्फ आहे आणि दोघांना मॅग्नसवर नजर ठेवायला पाठवलं होतं. पण काम म्हणून सुरू झालेली राखण केव्हाच मायेची झालेली असते.

हार्थस्टोनला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी तो खेळण्यात रमलेला असताना विहिरीतून एक प्राणी वर आला आणि त्यानं धाकट्या भावाला मारलं. ह्याला काही ऐकू आलं नाही. बापानं त्या मृत्यूचा दोष याच पोरावर टाकला. त्या प्राण्याचं कातडं अंथरून त्यानं हुकूम सोडला की यातला प्रत्येक केस सोन्याखाली झाकला जाईल, तेव्हा तुझं ऋण फिटेल. सोनं मिळवायचं ते घरकाम करून. आणि त्याच घरात राहायचं, जेवायचं, तर त्याचेही पैसे लावलेले. ही सगळी पानं मुलं एका दमात वाचतात आणि नंतर बराच वेळ गप्प बसतात.

याचं मूळही जुनंच आहे. लोकीनं दगड मारून एक पाणमांजर मारलं, ते निघालं ह्राइडमार नावाच्या एकाचा रूप बदललेला मुलगा. बापानं भरपाई मागितली: कातडं सोन्यानं भरायचं आणि वरूनही झाकायचं. शेवटी एक मिशीचा केस उघडा राहिला, तो झाकायला शापित अंगठी द्यावी लागली. मग त्याच सोन्यासाठी दुसऱ्या मुलानं, फाफनिरनं, बापाला मारलं आणि तो अजगरासारखा सोन्यावर बसून राहिला. जुन्या कथेत भरपाई देवांकडून मागितली होती. रायर्डन यांनी ती मागायला लावली स्वतःच्या जिवंत मुलाकडून. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आणि ज्या घरात हार्थस्टोनच्या हातांना कुणी किंमत दिली नाही, तिथून बाहेर पडल्यावर त्याला असे मित्र मिळाले, जे त्याच्याशी बोलता यावं म्हणून खुणांची भाषा शिकले.

आपल्या मुलींना जवळची वाटते ती समीरा. लोकीची मुलगी, वाल्किरी म्हणजे मेलेल्या वीरांना वाल्हाल्लात नेणारी, आणि आजी-आजोबांनी वाढवलेली इराकी वंशाची मुस्लीम मुलगी. बापाशी तिचा उभा दावा आहे, आजी-आजोबांवर जीव आहे. तिसऱ्या भागात जहाजावरच्या मोहिमेतही ती रमजानचे रोजे धरते, आणि तिच्या सोबत्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

त्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस पुन्हा लोकी आणि पुन्हा शिव्यांचा सामना. एगिरच्या दालनात लोकीनं एकेका देवाचं उणं काढलं होतं. इथे मॅग्नसला तोंडानंच त्याला हरवायचं आहे, आणि अपमान करण्यात लोकीचा हात धरणारा कुणी नाही. मॅग्नस मग उणं काढतच नाही. तो आपल्या सोबत्यांविषयी बोलू लागतो, एकेकाविषयी, त्यांनी काय सोसलं आणि एकमेकांसाठी काय केलं ते. लोकी आक्रसत जातो आणि शेवटी अक्रोडात मावतो.

पहिला भाग ग्रंथालयात आहे. या वेळी तो पालकांनी न्यावा, असा माझा आग्रह आहे. मग घरात मुलांना विचारा, दुसऱ्या भागात हार्थस्टोननं बापाच्या घरी पुन्हा पाऊल ठेवायला हवं होतं का. आमच्या वाचनगटातल्या दोन बहिणींमध्ये यावरून अजून वाद चालू आहे. धाकटी म्हणते, जायलाच नको होतं. थोरली म्हणते, भावासारख्या ब्लिट्झेनसाठी गेला तो.