'बघू' म्हणजे काय?

विषय दिलाय 'परदेशी ग्राहकाशी संवाद', वेळ वीस मिनिटं. त्यातली चार माझी ओळख करून देण्यात गेली. असू द्या.

सोलापूरकराला भाषेची भीती कोण घालणार? घरात तेलुगू, बाजारात कन्नड, ऑफिसात मराठी, आणि भांडायला हिंदी. उधारी मागायला जा. तेलुगू माणूस म्हणतो 'चूद्दाम', कन्नड माणूस 'नोडोण', आपण 'बघू की'. तिन्हींचा अर्थ एकच, पैसे विसरा. (हशा) हसताय, म्हणजे तुम्हीही कुणालातरी म्हणालेला आहात! पण जपानी ग्राहक टॉवेलचा नमुना हातात घेऊन 'केंतो शिमास' म्हणाला, दुभाष्यानं 'विचार करू' असं सांगितलं, की आम्ही सूत मागवायला धावतो. अहो, तोही 'बघू'च म्हणतोय!

माझं दुखणं मात्र अमेरिकेचं. मी तेव्हा एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचो. ऑर्डर आली, माल निघायची तारीख ०५/०६. आम्ही वाचलं, पाच जून. रात्रपाळ्या लावल्या, यंत्रमागाच्या खडखडाटात जेवलो, आणि २८ मेला कंटेनर न्हावाशेवा बंदरात पोचवला. आठ दिवस आधी! मालकांनी पेढे वाटले. पेढे तोंडात असतानाच मेल आला, माल कुठंय? अमेरिकेत महिना आधी लिहितात. ग्राहकाला सहा मे हवी होती. मधल्या काळात त्यानं दोनदा विचारलंही होतं, 'सगळं वेळेवर ना?' मी दोन्ही वेळा 'येस सर' लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं हो त्यात! मग त्यानं डिस्काउंट मागितला. ते इंग्रजी मात्र पहिल्या वाचनात कळलं.

तेव्हापासून मी हेच सांगत फिरतो. न कळलेला शब्द माणूस विचारतो. कळलेला विचारत नाही, आणि तिथंच माती होते.

चिठ्ठी आली, तीन मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता पळवतो. महिना अक्षरात लिहा. लाख-कोटी परदेशात चालत नाही, दहा लाखांचा एक मिलियन. स्वल्पविराम जपून, जर्मनीत १,५०० म्हणजे दीड! 'मऊ टॉवेल' लिहू नका, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते लिहा आणि नमुन्यावर दोघांची सही घ्या. 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'तुम्हाला काय समजलं ते सांगा' म्हणा.

आणि आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये चीनला गेले, दुभाष्यावर विसंबून न राहता चिनी शिकले. पेशंट 'दुखत नाही' म्हणतो तेव्हा त्याला खरंच दुखत नसतं की तो डॉक्टरांचा मान राखतोय, हे दुभाष्या कसं सांगणार? यावर खरं तर तासभर बोलायचं होतं. अध्यक्षांना मघाशीच विचारलं, पाच मिनिटं वाढवून द्याल का?

म्हणाले, 'बघू की.'