दगडातला हलका कार्बन

नाशिकची पांडवलेणी ज्या त्रिरश्मी डोंगरात कोरलेली आहेत, त्याचा काळा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. पृथ्वीवरील पहिल्या जिवांचा माग काढणाऱ्याला मात्र हा खडक फारच अलीकडचा वाटतो, आणि तप्त रसातून घडल्यामुळे निरुपयोगीही. त्याला हवा असतो समुद्रतळाचा गाळ, तोही साडेतीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना.

ग्रीनलंडमधील इसुआ येथे 370 कोटी वर्षांपूर्वीचा असा गाळ आहे. भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने तो इतका पालटला आहे की त्यात पेशींचे आकार टिकणे शक्यच नव्हते. उरले ते ग्रॅफाइटचे, काही मायक्रोमीटर आकाराचे कण. भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांनी 1999 मध्ये त्यांतील कार्बनचे विश्लेषण प्रसिद्ध केले. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे 98.9 टक्के कार्बन-12 असतो, तर उरलेला जवळजवळ सगळा जड कार्बन-13. कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करणाऱ्या पेशींतील विकरे हलका अणू अधिक वेगाने उचलतात, त्यामुळे सजीवांच्या अवशेषांत जड कार्बन कमी भरतो. इसुआच्या कणांत तो प्रमाणित नमुन्यापेक्षा हजारी सुमारे 19 ने कमी निघाला.

तरीही एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण उष्ण पाण्यात खनिजांच्या साहाय्याने, कोणत्याही जिवाविना, हलका कार्बन असलेली संयुगे तयार होऊ शकतात. दुसरी अडचण बाहेरून आलेल्या कार्बनची. ऑस्ट्रेलियातील सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीच्या शेल या, चिखल दबून बनलेल्या खडकात नीलहरित जिवाणूंकडे बोट दाखवणारे मेदरेणू सापडल्याचे 1999 मध्येच जाहीर झाले होते. पुढे विशेष स्वच्छता पाळून त्याच परिसरात नवे नमुने काढले, तेव्हा त्यांत ते रेणू आढळले नाहीत, आणि 2015 मध्ये जुना निष्कर्ष दूषिततेच्या खात्यात गेला. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत उपयोगी प्रयोगांत याची गणना व्हावी.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्याच जॅक हिल्समधील 410 कोटी वर्षांपूर्वीच्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या एका दाण्यात हलक्या कार्बनचे ग्रॅफाइट नोंदवले गेले. ते भेगा नसलेल्या स्फटिकात पूर्ण बंदिस्त असल्याने नंतर शिरलेल्या कार्बनची शंका तिथे बरीच कमी होते. मात्र हजारो दाणे तपासल्यावर हाती लागलेला तो एकच दाणा आहे, आणि तो हलका कार्बन जिवांनीच घडवला, हे त्यावरून ठरवता आलेले नाही.