नाव बदललेली वस्ती

विदर्भातल्या अनेक गावांत आज ज्या वस्तीला बौद्धपुरा म्हणतात, तिला जुनी माणसे महारपुरा म्हणत. जागा तीच आहे, घरेही बहुतांशी त्याच कुळांची आहेत. बदलले ते नाव, आणि ते बदलण्याचा निर्णय साऱ्या वस्तीने मिळून घेतला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोनच दिवसांनी चंद्रपुरातही दीक्षा सोहळा झाला. बंडीने, रेल्वेने, पुष्कळदा पायी आलेली माणसे पांढऱ्या वस्त्रांत गावी परतली आणि अनेक घरांतले देव्हारे रिकामे झाले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. मेलेले जनावर ओढून नेणे, मर्तिकाचा सांगावा परगावी पोहोचवणे ही कामे जन्माने लादलेली होती. ती सोडण्याची हाक बाबासाहेबांनी कितीतरी आधी दिली होती; पण एखाद्याने एकट्यानेच नकार दिला, तर त्याची मजुरी बंद होई आणि ते काम शेजाऱ्याच्या माथी मारले जाई. सारी वस्ती एकमुखाने नाही म्हणाली, तेव्हा बोलवायला शेजारीच उरला नाही. बहिष्कार पुष्कळ ठिकाणी पडले, चुली थंड राहिल्या, तरी ती झळ कोणा एकाच्या घरावर आली नाही. दीक्षेचे हे बळ, माझ्या मते, प्रतिज्ञांइतकेच मोलाचे आहे.

आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध अवघे अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. हे नाव लिहून देणे सोपे नव्हते. अनुसूचित जातींच्या यादीसाठी धर्माची अट असल्याने बौद्ध म्हणवणारा माणूस केंद्राच्या सवलतींना मुकत होता, आणि ही अट बौद्धांपुरती दूर व्हायला १९९० साल उजाडले. महाराष्ट्र सरकारने सवलती आधीच दिल्या होत्या. त्यातूनच ‘नवबौद्ध’ हा शब्द दाखल्यांवर रूढ झाला.

जमिनीचा प्रश्न मात्र नावाने सुटला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, माणसे मोठ्या संख्येने तुरुंगात गेली. आज अनेक वस्त्यांत विहार उभा आहे, संध्याकाळी तिथे मुले अभ्यासाला बसतात. आणि त्यांतल्या कितीतरी मुलांच्या आया दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून त्याच वेळी घरी परतत असतात.