911 वर टर्बो: जुनं एअर-कूल्ड इंजिन टिकवायचं तर

पोर्शची पहिली 911 टर्बो 1975 साली विक्रीला आली. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र. तीन लिटरचं इंजिन, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) 0.8 बार आणि कम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) अवघं 6.5. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण युरोपातल्या साध्या, बिनटर्बोच्या 911 कॅरेरा 3.2चं कम्प्रेशन 10.3 होतं, आणि बरेच जण त्याच पिस्टनवर टर्बो चढवायला निघतात.

इथे हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) उष्णता ओढून न्यायला पाणी नाही. पंख्याची हवा आणि तेल, एवढ्यावरच भिस्त. आधीच तापलेल्या हेडमध्ये टर्बोनं दाबून तापवलेली हवा शिरली, की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण भडकतं. हेच नॉकिंग. पंख्याच्या घोंगावण्यात ते ऐकूही येत नाही. कळतं तेव्हा पिस्टनवरची, दोन रिंगांमधली भिंत फुटलेली असते.

म्हणून खर्च आधी पिस्टनवर. कम्प्रेशन 7 ते 7.5, बूस्ट 0.7 बारच्या आसपास आणि इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा कूलर. पोर्शनंही 1978 साली 3.3 लिटरच्या इंजिनाला इंटरकूलर दिलाच. फक्त तो असा बसवू नका, की पंख्याला त्याचीच गरम हवा ओढावी लागेल. बूस्ट वाढेल तसं इग्निशन मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची, आणि पूर्ण बूस्टला पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 11.5 ते 12 भाग. मूळ इंजेक्शन बूस्ट ओळखत नाही. प्रोग्रॅम होणारा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर घ्या.

इंजिन उघडलंच आहे, तर हेड आवळून धरणारे स्टड (लांब बोल्ट) पाहा. एक्झॉस्टच्या बाजूचे डिलावार या मिश्रधातूचे स्टड गंजून तुटतात. एक तुटलेला दिसला, तर बाकीच्यांवरही विश्वास नको.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग: तेलाचा परतीचा रस्ता. टर्बो इंजिनाच्या खालच्या अंगाला लटकतो, आणि तेलाची टाकी त्याच्या वर. उताराने तेल परत जाणार कसं? कारखान्यानं डाव्या कॅमशाफ्टवर चालणारा वेगळा पंप लावला होता, तो उगाच नव्हे. तो नसेल, तर टर्बोच्या बेअरिंगच्या घरात तेल तुंबतं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि निळा धूर येतो. लोक मग नवाकोरा टर्बो बदलत बसतात.

पुढच्या मडगार्डमध्ये पंख्यासह ऑइल कूलर हवाच. आणि दामटून चालवल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून त्याचा कोळसा होतो.